पांढरी पडलेली हरणाची शिंगं: ब्लीचची बाटली कपाटात ठेवा

पत्र: आम्ही अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला राहतो. मे महिन्यात डोंगरात फिरताना मुलाला झडलेली तीन शिंगं सापडली. एक म्यूल डिअर या इथल्या हरणाचं: तपकिरी, पण एका अंगाने पांढरट आणि जमिनीकडच्या अंगाने हिरवट. दुसरंही त्याच जातीचं, पण खडूसारखं पांढरं, तडे गेलेलं, टोकं उंदरांनी कुरतडलेली. तिसरं एल्क या आणखी मोठ्या हरणाचं, मोठं, चिखलाने माखलेलं. एल्कच्या शिंगावरचे काळे डाग जावेत म्हणून मी एका फाट्याला कपड्यांचं ब्लीच लावलं, तर तेवढाच भाग पांढराफटक झाला आणि आता हाताला भुकटी लागते. ही शिंगं भिंतीवर लावण्याजोगी कशी करायची? आणि साताऱ्याला सासरच्या वाड्यात चितळाची शिंगं फळीवर लावलेली आहेत, धुराने काळवंडलेली. सुट्टीत गेल्यावर त्यांनाही हेच करू का?

उत्तर: चितळाच्या शिंगांना तूर्त हात लावू नका. त्यांचं प्रकरण वेगळं आहे, शेवटी सांगतो. आधी ब्लीच लागलेल्या फाट्याकडे बघू, कारण तिथे नुकसान अजून चालू असण्याची शक्यता आहे.

तो फाटा साध्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा, पाणी बदला, असं चार वेळा करा आणि सावलीत वाळू द्या. ब्लीच 'मारायला' म्हणून त्यावर व्हिनेगर किंवा अमोनिया ओतू नका. व्हिनेगरने क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाने क्लोरामाइन. दोन्ही छातीत जाणारे वायू आहेत.

आता ते पांढरं का झालं? हरणाचं शिंग म्हणजे हाड. गाईम्हशीचं शिंग वेगळं असतं: आत हाडाचा खुंट, वर नखाच्या जातीचं केराटिनचं टोपण, आणि ते जन्मभर टिकतं. मराठीत दोन्हींना आपण शिंगच म्हणतो, म्हणून गाईच्या शिंगाला चालणारे उपाय, म्हणजे तेल चोळणं आणि पॉलिश पेपरने घासून चकचकीत करणं, लोक हरणाच्या शिंगावरही करतात. हरणाचं शिंग दरवर्षी झडतं आणि नव्याने फुटतं. वाढताना त्यावर मखमलीसारखी लवदार कातडी असते. ती वाळली की नर झाडाझुडपांवर शिंग घासून काढतो आणि तपकिरी रंग चढतो तो त्या वेळी. वाळलेलं रक्त, सालीचा रस, चीक, राळ हे सगळं हाडाच्या वरच्या पातळ थरात मुरतं. खालचं हाड मुळात पिवळसर पांढरंच असतं. टोकं घासून घासून गुळगुळीत होतात, म्हणून ती शेवटपर्यंत फिकट राहतात.

एवढं कळलं की पुढचं काम सोपं. शिंग 'खराब' दिसतं ते दोन कारणांनी: एकतर वर काही चढलंय, चिखल, शेवाळ, काजळी. नाहीतर वरचं काही गेलंय. पहिल्याला धुणं लागतं. दुसऱ्याला कितीही धुतलं तरी ते आणखी पांढरंच होणार, कारण तिथे काढण्यासारखं काही नाहीच, गेलेला रंग परत द्यायचा आहे. तुमच्या एल्कवरचे काळे डाग बहुधा डाग नसून शिंगाचा अस्सल रंगच होता. बुंध्याकडे तो सर्वात गडद असतो.

ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट हाडातलं कोलॅजन खातं. हाडाच्या खनिजाला धरून ठेवणारं हे प्रथिन, स्लॅबमधल्या सळईसारखं. ते गेलं की उरतो खडू. पाण्यात उकळलं तरी तेच होतं, कोलॅजनचं जिलेटिन होऊन पाण्यात उतरतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर, तांब्याची भांडी लखलखवणारी पावडर ही मंडळी उलट बाजूने येतात: आम्ल हाडातलं कॅल्शियम विरघळवतं. म्हणजे न्हाणीघरातल्या आणि स्वयंपाकघरातल्या निम्म्या बाटल्या इथे निषिद्ध आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइडही शिंगाला नको. कवटी पांढरी करायला ते वापरतात, पण तेव्हाही शिंगाच्या बुंध्याला प्लास्टिक गुंडाळून ते लांब ठेवतात.

कुठल्या शिंगाला किती सेवा लागेल, हे दोन चाचण्यांनी ठरवा. पांढऱ्या भागावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब गोल बसून राहिला तर हाड घट्ट आहे, फक्त रंग गेलाय. दोन-चार सेकंदांत आत जिरला तर हाड सच्छिद्र झालंय. मग काळं सुती फडकं तिथे हलकेच फिरवा. पांढरी भुकटी उतरली तर तो भाग खडू झालाय आणि त्याला रंगाआधी घट्ट करावं लागेल. अमेरिकेत झडलेली शिंगं गोळा करणारे लोक ढोबळपणे याच तीन पायऱ्या मानतात: तपकिरी, म्हणजे याच हंगामातलं, पांढरं पण टणक, म्हणजे एकदोन वर्षं उन्हात पडलेलं, आणि खडू. तुमचं पहिलं शिंग तपकिरी आणि पांढरं-टणक यांच्या मध्ये आहे, दुसरं उघड खडू.

धुण्याआधी सगळी माती कोरडीच झाडा. जुना दातांचा ब्रश आणि रंगाचा मऊ कुंचला पुरतो, खाचांमधली माती बांबूच्या काडीने उकरा. तारेचा ब्रश नको. लोखंडाचे करडे ओरखडे उमटतात आणि ओल लागली की त्यांना गंज चढतो. उंदरांची विष्ठा लागलेली असेल तर कोरडं झाडू नका, आधी ओलं करून पुसा, हातमोजे आणि एन-९५ मास्क घालून.

मग बादलीत चार लिटर कोमट पाणी, त्यात एक चमचा भांडी धुण्याचा लिक्विड साबण. शिंग भिजत घालायचं नाही. बुडवायचं, खाचांच्या दिशेने नायलॉनच्या ब्रशने घासायचं, बाहेर काढायचं, दोनदा साध्या पाण्याने खळबळायचं. सगळं पाच मिनिटांत. एल्कचं शिंग मोठं असल्यामुळे बादलीत मावणार नाही, ते ओल्या स्पंजाने तुकड्यातुकड्याने धुवा. खडू झालेलं दुसरं शिंग मात्र पाण्यात अजिबात घालू नका. ते स्पंजासारखं पाणी पितं आणि वाळताना तडे रुंदावतात. त्याला पिळून घेतलेल्या फडक्याचा टिपणारा हात पुरे, घासणं नको.

पहिल्या शिंगावरचं हिरवट म्हणजे शेवाळ. जमिनीकडची बाजू ओलसर राहते म्हणून ते तिथे येतं. कापसाचा बोळा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून लावा, दहा मिनिटं थांबा, ब्रशने काढा. दोनदा करून जे राहील ते राहू द्या. थोडी हिरवट झाक तपकिरी रंगाखाली दडून जाते. पूर्ण जाईपर्यंत घासत बसलात तर शेवाळाबरोबर खालचा चांगला रंगही उतरेल.

वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर, जाळीवर. धुतलेल्या शिंगांना आठवडाभर द्या, टिपून घेतलेल्या खडूला दोन-तीन आठवडे. नुसत्या हाताने कळत नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर दोन दिवसांनी वजन करा. सलग दोनदा तेच वजन आलं की आतली ओल गेली. ओव्हन, हेअर ड्रायर, हीटरचं तोंड आणि थेट ऊन, सगळं वर्ज्य. कोलोरॅडोची हवा आधीच कोरडी आहे, त्यात उष्णता दिली तर वरचा थर आधी आकसतो आणि तडकतो.

खडू झालेलं शिंग आणि एल्कचा ब्लीचवाला फाटा घट्ट करायला पॅरालॉइड बी-७२ हे रेझिन वापरा. वस्तुसंग्रहालयात हाडांच्या वस्तूंना हेच वापरतात, आणि ते ॲसिटोनने पुन्हा विरघळवता येतं, ही त्याची मोठी सोय. काचेच्या झाकणाच्या बरणीत १०० मिलिलिटर ॲसिटोन घ्या. रेझिनचे ५ ग्रॅम दाणे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून बरणीत अधांतरी टांगा. रात्रभरात विरघळतात. तळाशी टाकले तर त्यांचा चिकट गोळा होऊन बसतो. हे द्रावण मऊ कुंचल्याने लावत जा. पांढरा भाग ते घटाघट पिईल. पिणं थांबलं की तुम्हीही थांबा. दुसऱ्या दिवशी काळ्या फडक्याची चाचणी पुन्हा करा, भुकटी उतरत असेल तर दुसरा हात.

इथे चुका ठरलेल्या होतात. घाईने घट्ट द्रावण केलं तर ते आत न जाता वरच बसतं आणि शिंग प्लास्टिकसारखं चमकतं. पातळ असूनही चमक आली तर समजा ॲसिटोन फार वेगाने उडालं आणि जाताना रेझिनला पृष्ठभागावर घेऊन आलं. म्हणून लावल्यावर शिंगावर ॲल्युमिनियम फॉइलचा सैलसर तंबू करा. चमक आलीच तर ॲसिटोनच्या फडक्याने हलकं पुसून काढा. हे काम घराबाहेर किंवा उघड्या गॅरेजमध्ये, शेगडी-हीटर-वॉटर हीटरपासून दूर. ॲसिटोनची वाफ जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या ज्योतीवरही पेट घेते.

तडे सगळेच बुजवायची गरज नाही. उन्हापावसाचा बारीक तडा शिंगाला शोभतो, बुजवलेला तडा मात्र दुरून ओळखू येतो. हलणारा, निखळू पाहणारा तुकडा असेल तरच त्यात पातळ सुपरग्लूचा थेंब सोडा. शिकंज्यात दाबून तडा मिटवायला जाऊ नका, दुसरीकडे फुटेल. कुरतडलेली टोकं तशीच ठेवावीत असं आमचं मत आहे. कॅल्शियम-फॉस्फरससाठी उंदीर-खारी शिंगं कुरतडतात, त्या दातांच्या समांतर खुणा हाही त्या शिंगाचा इतिहासच. पण मुलाला टोकं हवीच असतील तर दोन भागांची इपॉक्सी पुटी मळताना त्यात चिमूटभर बर्न्ट अंबर रंगाची पूड मिसळा, टोक घडवा, पुटी मऊ असताना ओल्या बोटाने गुळगुळीत करा आणि २४ तास सोडा. पुटी रंग पीत नाही. आतूनच रंगवून घेतली नाही तर नंतर ते टोक चुन्याच्या ठिपक्यासारखं उठून दिसतं.

आता रंग. चहा, कॉफी, आयोडिन हे घरगुती उपाय उडून जातात. पोटॅशियम परमँगनेट जुन्या कारागिरांचं लाडकं: जांभळं द्रावण लावलं की काही मिनिटांत ते मँगनीज डायऑक्साइड होऊन तपकिरी पडतं. पण किती गडद होईल याचा अंदाज पहिल्यांदा करणाऱ्याला येत नाही, आणि ते तीव्र ऑक्सिडीकारक आहे. ग्लिसरिनशी गाठ पडली तर आग लागते. घरात लहान मूल असताना नको. लाकडाचं तयार स्टेनही चालतं, पण 'महॉगनी' छटा घेतलीत तर शिंग टीव्हीच्या स्टँडसारखं तांबडं दिसेल.

सर्वात सोपं आणि हातात राहणारं म्हणजे चित्रकाराचे ट्यूबमधले तैलरंग. बर्न्ट अंबरची दोन सेंटिमीटर वळी, रॉ सिएनाची एक सेंटिमीटर, आणि ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे, बिनवासाचं मिनरल स्पिरिट. दुधाइतकं पातळ झालं पाहिजे. पहिला प्रयोग शिंग जिथून गळून पडलं त्या बुंध्याच्या तळाशी करा, तो भाग भिंतीकडे जातो.

हातभर शिंग एकदम रंगवू नका. दहा-पंधरा सेंटिमीटरवर कुंचल्याने रंग लावा, तीन मिनिटं थांबा आणि सुती फडक्याने खाचांच्या आडवं पुसा. आडवं पुसल्याने रंग खाचांत राहतो आणि उंचवट्यांवरून निघतो, अगदी खऱ्या शिंगासारखा. खाचांच्या दिशेने पुसलंत तर खाचाही रिकाम्या होतात आणि सगळं शिंग एकरंगी, चॉकलेटी दिसू लागतं. बुंध्याचा खडबडीत कंगोरा आणि त्याच्याजवळचे मोत्यांसारखे दाणे सर्वात गडद, दांडा वर जाईल तसा फिकट, आणि प्रत्येक फाट्याचं शेवटचं तीन-चार सेंटिमीटर टोक मिनरल स्पिरिटच्या फडक्याने पुसून जवळपास कोरं. काळा रंग मिसळायचा मोह टाळा. करडी झाक येते आणि शिंग मेलेलं दिसतं. दुसरा हात २४ तासांनी. तुमच्याकडे उत्तम नमुना आहेच, पहिल्या शिंगाची तपकिरी बाजू. ते शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात जुळवा. बल्बच्या पिवळ्या प्रकाशात जुळवलेला रंग सकाळी हमखास गडद निघतो.

रेझिन लावलेल्या भागात हा रंग मुरणार नाही, वरवर बसेल. तिथे तो आणखी पातळ करून तीन-चार हात द्या. आणि रेझिन न लावलेला सच्छिद्र भाग राहिला असेल तर तो पहिल्याच हाताला काळाकुट्ट होईल, म्हणून थेंबाची चाचणी रंगाआधी पुन्हा एकदा सगळीकडे करून घ्या.

रंगाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. तैलरंगातलं जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेल्या बोळ्यात ती साठून आपोआप पेट घेते. बाहेर कुंपणावर सपाट पसरून कडक वाळू द्या, नाहीतर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा.

आठवडाभराने रंग बोटाला लागेनासा झाला की मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी पातळ लावा, वीस मिनिटांनी मऊ फडक्याने घासून चमक आणा. वॉर्निश, लॅकर, पॉलियुरेथेन नको. खोबरेल किंवा जवसाचं तेलही नको, ते चिकट होतं, धूळ धरतं आणि काही महिन्यांत पिवळं पडतं. कुत्रं असेल तर शिंगं त्याच्या उंचीवर ठेवू नका. त्याच्या दृष्टीने ते हाडच आहे, आणि आता त्यावर रंग-रेझिनही आहे.

टांगताना म्यूल डिअरच्या शिंगांना भोक पाडू नका. फळीवर चामड्याच्या दोन पट्ट्यांनी बांधली की झालं. एल्कचं शिंग काही किलोंचं असतं, तिथे फळीचे स्क्रू भिंतीतल्या लाकडी खांबात गेले पाहिजेत, नुसत्या ड्रायवॉलमध्ये नाही. खिडकीसमोरची भिंत आणि फायरप्लेसच्या वरची जागा दोन्ही टाळा. उन्हाने एकदा नेलेला रंग तेच ऊन पुन्हा नेईल.

मे महिन्यात सापडली हे बरं झालं. कोलोरॅडोत इंटरस्टेट २५ या महामार्गाच्या पश्चिमेला सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल झडलेली शिंगं उचलायला बंदी असते, थंडीने खंगलेल्या कळपांना माणसांनी उठवू नये म्हणून. रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधून मात्र वर्षात कधीच उचलता येत नाहीत. आणि यातलं एखादं सासरी भेट म्हणून बॅगेत टाकू नका. वन्यप्राण्यांचे अवयव प्रवासी सामानातून भारतात आणता येत नाहीत.

आता साताऱ्याचा वाडा. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ लागू आहे. त्यात 'ट्रॉफी'च्या व्याख्येत हरणांची शिंगं येतात, मग ती शिकारीतली असोत की रानात गळून पडलेली. आजीच्या बटव्यात सहाणेवर उगाळायला असलेला सांबरशिंगाचा तुकडाही त्यातून सुटत नाही. घरात ठेवायला मुख्य वन्यजीव रक्षकांचं मालकी प्रमाणपत्र लागतं. ज्यांनी जुन्या वस्तू जाहीर केल्या नव्हत्या त्यांना १८ एप्रिल २००३ पासून १८० दिवसांची मुदत मिळाली होती, ती कधीच संपली. वारशाने आलेल्या वस्तूची घोषणा ९० दिवसांत करायची असते. तेव्हा आधी सासूबाईंना किंवा काकांना विचारा, जुन्या पेटीत प्रमाणपत्र आहे का आणि ते कोणाच्या नावावर आहे. नसेल तर साफसफाईचा विषय बाजूला ठेवा, शिंगं कुणाला देऊ-विकू नका, गुपचूप जाळूही नका. वकिलाचा सल्ला घेऊन साताऱ्याच्या वनविभागाच्या कार्यालयात जा. प्रमाणपत्र असून ठेवायची इच्छा नसेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर सात कामाच्या दिवसांची नोटीस देऊन ती सरकारजमा करता येतात. भरपाई मिळत नाही.

कागद ठीक असतील तर काम अगदी थोडं आहे. घरात राहिलेल्या शिंगाचा रंग काजळीखाली बहुधा शाबूत असतो. रेझिन, तैलरंग यातलं काही लागणार नाही. नुसती शिंगं असली तर खाली उतरवून मऊ कुंचल्याने धूळ व्हॅक्यूमच्या नळीकडे ढकला. मग कापूस काडीला गुंडाळून थुंकीने किंचित ओला करा आणि पुसा. हसू नका, थुंकीतली विकरं काजळीचा चिकटपणा सोडवतात, म्हणून संवर्धन करणारेही तीच वापरतात. बोळा काळा झाला की फेकायचा, दुसरा घ्यायचा, नंतर साध्या पाण्याच्या बोळ्याने टिपायचं. बोळ्यावर तपकिरी रंग दिसला की तिथेच थांबा, काजळी संपली. भिंत रंगवताना उडालेले चुन्याचे थेंब बांबूच्या काडीने टोचून उडवा, लिंबू लावू नका. आणि नुसती शिंगं नसून कातडीसकट भरलेलं डोकं असेल, तर त्याला घरच्या घरी हात लावूच नका: जुन्या पद्धतीत कातडीला आर्सेनिक चोळत असत, आणि ते अजूनही त्या केसांत असतं.